आकडा नको, नाव लिहा



पोस्ट लांब आहे. बाजाराच्या गडबडीत वाचू नका, रात्री निवांत वाचा. आणि अर्धी वाचून कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. पूर्ण वाचा, मग या, मी इथेच आहे.

एक साधा प्रश्न विचारतो. रावलापाणीला किती माणसं मारली गेली? आपल्याकडचं सातवीतलं पोरगं सांगेल, १५. तारीख? २ मार्च १९४३. शाब्बास. आता पुढचा प्रश्न. त्या पंधरा जणांची नावं सांगा. बरं, पंधरा राहू द्या, पाच सांगा. त्यांची गावं सांगा. कोणाच्या मागे किती लेकरं राहिली ते सांगा.

इथे बहुतेक जण गप्प होतात. ज्यांना सांगता येतं त्यांच्या पाया पडतो. असे म्हातारे आणि काही अभ्यासू कार्यकर्ते आपल्या डोंगरात आहेत, त्यांच्यामुळेच थोडंफार टिकलंय. पण भाषण ठोकणाऱ्यांना विचारून बघा, बॅनर लावणाऱ्यांना विचारा, २ मार्चला सकाळी सकाळी स्टेटस ठेवणाऱ्यांना विचारा. 'पंधरा आदिवासी शहीद' इथे त्यांची गाडी थांबते. पुढे रस्ता नाही.

मला आज याच्यावर बोलायचं आहे. माणूस मेला की आपण त्याचा आकडा करून टाकतो. आकड्याला हार घालता येतो, आकड्यासमोर नारळ फोडता येतो. पण आकड्याच्या घरी जाता येत नाही.

बाहेरगावचे मित्रही वाचतात, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे संत गुलाम महाराज. १९३० च्या दशकात त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, दारू सोडा, स्वच्छ राहा, सोमवारी आरतीला एकत्र या, एकमेकांना 'आप' म्हणा. ज्याला सगळा मुलूख 'अरे, ए' करत होता तो आदिवासी आता दुसऱ्या आदिवासीला 'आप की जय' म्हणायला लागला. हजारोंनी लोक जमायला लागले. दारू सोडलेला, कर्ज न काढणारा, ताठ मानेने बोलणारा भिल्ल त्या काळात कोणाकोणाला परवडत नव्हता, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९३८ मध्ये गुलाम महाराज गेले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं, तर सरकारने त्यांना हद्दपार केलं. आणि २ मार्च १९४३ ला रावलापाणीत त्यांच्यासोबतच्या लोकांवर इंग्रज सरकारच्या बंदुका चालल्या. खडकांवरच्या गोळ्यांच्या खुणा लोक आजही दाखवतात. खुणा दगडावर राहिल्या, नावं मात्र लोकांच्या ओठांवर राहिली नाहीत.

आता त्याच्या सहा महिने आधी नंदुरबारात काय झालं ते बघा. ९ सप्टेंबर १९४२. शाळकरी पोरांची मिरवणूक, हातात तिरंगा, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. बघा, पाचही नावं मी न अडखळता लिहिली. तुम्हालाही पाठ असतील. माणिक चौकात जिथे हे घडलं तिथेच त्यांचं स्मारक आहे, भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. त्या पोरांचा मान कोणी कमी करू नये, मी तर करणारच नाही. पण मला सांगा, एकाच जिल्ह्याच्या मातीत, एकाच सरकारच्या गोळीने, सहा महिन्यांच्या अंतराने माणसं मेली. शहरातल्या पाच जणांची नावं राहिली आणि डोंगरातल्या पंधरा जणांचा आकडा राहिला. असं का?

कारण उघड आहे. शहरातल्या घरात लिहिणारा-वाचणारा माणूस होता. शेजारी वकील होता, मास्तर होता, पेपरला बातमी पाठवणारा होता. डोंगरातल्या घरात रडणारे होते, पण कागदावर लिहिणारं कोणी नव्हतं. म्हणजे मेल्यावर सुद्धा शाळेत गेलेला आणि न गेलेला हा फरक राहिलाच. हा फरक तेव्हा आपल्या हातात नव्हता. आता आहे. आता आपल्या पोरी-पोरं डी.एड., बी.एड., एम.ए. करून घरी बसलीत. मग आता लिहायला काय हरकत आहे?

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी जर्मनीतल्या एका कामाबद्दल वाचलं. मोलगीत बसून जर्मनीचं काय, असं म्हणू नका, ऐका.

गुंटर डेमनिग नावाचा एक कलाकार. पूर्वी कोलोन शहरात राहणारा. हिटलरच्या राजवटीत, मे १९४० मध्ये, त्या शहरातून सिंती आणि रोमा समाजाची सुमारे एक हजार माणसं पकडून पोलंडकडे पाठवली होती. रोमा म्हणजे ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवतात ते. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच देशाच्या वायव्य भागातून तिकडे गेले, त्यांच्या भाषेत आजही आपल्याकडचे शब्द सापडतात. तर १९९० मध्ये, त्या घटनेला ५० वर्षं झाली म्हणून, डेमनिगने ती माणसं ज्या रस्त्याने नेली त्या रस्त्यावर रंगाने एक खूण ओढत नेली. तेव्हा तिथली एक म्हातारी बाई त्याला म्हणाली, आमच्या मोहल्ल्यात जिप्सी कधी राहतच नव्हते.

ती बाई खोटारडी नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. ते लोक तिचे शेजारी होते, त्याच गल्लीत राहायचे, त्याच दुकानातून पाव घ्यायचे. एके दिवशी गेले आणि परत आले नाहीत. त्यांची घरं दुसऱ्यांनी घेतली आणि पन्नास वर्षांत ते कधी होतेच नाहीत असं झालं. मारणाऱ्याचं काम बंदुकीने अर्धंच होतं मंडळी. उरलेलं अर्धं काम शेजारी विसरून पूर्ण करतात.

मग डेमनिगने दगड बसवायला सुरुवात केली. १९९२ पासून. दहा सेंटीमीटरचा काँक्रीटचा चौकोनी ठोकळा, वर पितळेचा पत्रा. पत्र्यावर एकेक अक्षर हाताने ठोकून लिहायचं. सुरुवात 'इथे राहत होता' किंवा 'इथे राहत होती' या शब्दांनी. मग नाव. जन्मसाल. कधी पकडलं, कुठे नेलं, कधी आणि कुठे मारलं. एवढंच. आणि तो दगड त्या माणसाच्या शेवटच्या घरासमोर, रस्त्याच्या फरशीत बसवायचा. ज्यू, रोमा, अपंग म्हणून मारलेले, समलिंगी म्हणून पकडलेले, सरकारविरुद्ध बोलले म्हणून संपवलेले, सगळ्यांसाठी सारखाच दगड. प्रोफेसर असो की हातगाडीवाला, माप तेच.

१९९६ मध्ये बर्लिनमध्ये त्याने पहिले दगड बसवले तेव्हा सरकारची परवानगीसुद्धा नव्हती. मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा दगड बसला. युरोपातल्या तीसेक देशांत हे पसरलंय. पैसा सरकारी तिजोरीतला नाही. एका दगडाचा खर्च कित्येक वर्षं १२० युरो होता, म्हणजे आपले साधारण अकरा-बारा हजार. कोणी शेजारी देतो, कोणी नातू देतो, कुठे शाळेतला एक वर्ग मिळून देतो. माहितीसुद्धा तेच लोक शोधतात, जुन्या नोंदी काढतात, वयस्कर माणसांना विचारतात. नववी-दहावीची मुलं एका माणसाचा शोध घेतात, तो कुठे शिकला, काय धंदा करायचा, शेवटची चिठ्ठी कोणाला लिहिली. मग दगड बसतो. त्या मुलांना तो माणूस आयुष्यभर पाठ राहतो. परीक्षेपुरता पाठ राहणारा आकडा वेगळा आणि हे वेगळं.

आता नीट समजून घ्या. मी रावलापाणी आणि हिटलरच्या छळछावण्या एकाच तराजूत टाकत नाही. साठ लाख ज्यू आणि लाखो रोमा मारणं हा कारखाना होता, माणसं मारायचा कारखाना. त्याची तुलना कशाशीच होत नाही आणि उगाच करूही नये. पण दोन गोष्टी माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीत.

पहिली तारखेची. २६ फेब्रुवारी १९४३ ला रोमा माणसांनी भरलेली पहिली मोठी गाडी जर्मनीतून ऑशवित्झला पोचली. त्यानंतर चार दिवसांनी, २ मार्चला, आपल्या रावलापाणीत गोळ्या सुटल्या. त्या आठवड्यात जगाच्या दोन टोकांना दोन सरकारं जमातीवर शिक्का मारून माणसं हाकत होती, आणि गंमत म्हणजे ती सरकारं एकमेकांविरुद्ध लढत होती.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. नाझींनी रोमा लोकांना 'समाजविघातक', 'जन्मतः गुन्हेगार' म्हटलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच केला की अमुक जमाती जन्मतः गुन्हेगार. पारधी, बेरड, मांगगारुडी, कितीतरी. पोलिसपाटलाला हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. भिल्ल म्हणजे लुटारू हेही त्यांनीच लिहून ठेवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का गेला का? नाशिक-पुण्यात भाड्याने खोली शोधताना आपल्या पोरांना काय विचारतात ते विचारा.

आणि हा शिक्का किती चिवट असतो बघा. युद्ध संपलं, हिटलर मेला. तरी १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४३ च्या आधी रोमा लोकांवर झालेली कारवाई वंशद्वेषातून नव्हती, त्यांच्या 'समाजविघातक' वागण्यामुळे होती. म्हणजे नुकसानभरपाई नाही. सरकारने त्यांचा वंशसंहार झाला हे मान्य केलं १९८२ मध्ये. बर्लिनला त्यांचं मोठं स्मारक बांधायचं ठरलं १९९२ ला आणि उघडलं २०१२ ला. वीस वर्षं वाद. फलकावर कोणता शब्द लिहायचा यावर वाद, जागेवर वाद, पैशावर वाद. त्या वीस वर्षांत गल्लीबोळांत दगड मात्र बसत होते, कोणाच्या उद्घाटनाची वाट न बघता.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडचा कुठलाही फलक बघा. चौक असो, सभामंडप असो, शहीद स्मारक असो. काळ्या ग्रॅनाईटवर सोनेरी अक्षरं. सगळ्यात वर मा. ना. यांच्या शुभहस्ते. खाली मा. खा., मा. आ., मा. अध्यक्ष, मा. सभापती, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, निमंत्रक, समस्त ग्रामस्थ. कधी कधी ठेकेदाराचंही नाव. मी एकदा एका फलकावर मोजली, वीसच्या वर जिवंत माणसं होती. ज्यांच्यासाठी बांधलं त्या मेलेल्यांच्या वाट्याला 'शहिदांच्या स्मरणार्थ' एवढे दोन शब्द. कोणते शहीद? फलकाला माहीत नाही. पन्नास वर्षांनी पोरं त्या फलकापुढे उभी राहिली तर त्यांना वाटेल, ज्यांची नावं लिहिलीत तेच मेले असतील.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. भव्य स्मारक नको असं मी म्हणत नाही. पण आधी नाव. नावाशिवाय कमान नको, नावाशिवाय बाग नको, नावाशिवाय लाइट-कारंजं तर अजिबात नको. आणि नाव फक्त रावलापाणीला नको, ज्याचं त्याच्या गावात हवं. ज्या घरातून तो माणूस सकाळी निघाला आणि परत आला नाही, त्या घरापाशी. २ मार्चला गर्दी एका ठिकाणी जाते आणि संध्याकाळी पांगते. पण त्याच्या गावातल्या पोराने रोज शाळेत जाताना वाचलं पाहिजे, इथे राहत होता, अमुक.

यावर चार आक्षेप येणार, मला आत्ताच ऐकू येतायत.

एक. "जमिनीत नाव बसवायचं? त्यावर पाय पडतील, हा शहिदांचा अपमान." आक्षेप खरा आहे, आणि तो फक्त आपलाच नाही. म्युनिकमध्ये तिथल्या ज्यू समाजाच्या प्रमुख शार्लोटे क्नोब्लोख, ज्या स्वतः लहानपणी त्या छळातून वाचल्या, त्या हेच म्हणाल्या. आमची माणसं तेव्हा पायदळी तुडवली, आता पुन्हा नको. म्युनिकच्या महापालिकेने त्यांचं ऐकलं आणि २०१८ पासून तिथे भिंतीवर पाट्या आणि खांब लावतात. शहाणी माणसं अशी मार्ग काढतात. मग आपणही काढू. आपल्याला कोणाची नक्कल करायची गरजच काय? महाराष्ट्रात गावोगाव वीरगळ उभे आहेत, ते काय जर्मनीतून आले? आपल्या भिलांत तर मेलेल्या माणसासाठी दगड किंवा लाकडाचा खांब उभा करायची रीत पूर्वापार आहे. तो खांब म्हणजे स्मारकच की. फक्त त्यावर नाव कोरायचं बाकी आहे. घराच्या ओट्यापाशी, वाटेच्या कडेला, गावाच्या शिवेवर, जिथे घरच्यांना योग्य वाटेल तिथे. आणि घरच्यांना नको असेल तर नाही लावायचं. त्यांचा माणूस, त्यांचा शब्द शेवटचा.

दोन. "ऐंशी वर्षं झाली, आता कुठून नावं आणणार?" अरे भाऊ, वेळ जातोय म्हणूनच तर ओरडतोय. ज्या पोराने १९४३ मध्ये आपला बाप खांद्यावरून घरी आणलेला बघितला, तो आज असला तर नव्वदीत आहे. पण त्याची सून आहे, नातू आहे, त्या घरात होळीला आणि लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाया आहेत. आपल्याकडे इतिहास कागदावर नाही, गळ्यात आहे. आणि कागदही आहे. तेव्हाच्या सरकारचं गृहखातं सगळं लिहून ठेवायचं, त्या फायली मुंबईला पुराभिलेखागारात आहेत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून खानदेशाची कागदपत्रं सांभाळतंय. इतिहासात एम.ए. केलेली पोरं आपल्या तालुक्यात किती आहेत? त्यांना एखादा प्रकल्प द्या ना. कॉपी-पेस्ट करून मराठेशाहीवर तेच तेच लिहिण्यापेक्षा आपल्या आजोबाच्या मित्राला शोधा.

तीन. "याने जुने वाद उकरले जातील." कोणते वाद? गोळी कोणी घातली ते सगळ्यांना माहीत आहे. दारूबंदीने कोणाचा धंदा बुडाला तेही माहीत आहे. त्यांच्या नातवांशी माझं भांडण नाही, त्यांच्याच दुकानातून मी सामान आणतो. जर्मनीत दगड बसवणारे बहुतेक त्याच समाजातले आहेत, ज्यांच्या आजोबांनी डोळे मिटून घेतले होते. नाव लिहिल्याने भांडण होत नाही. नाव लपवल्याने होतं, ते पण मनातल्या मनात, म्हणून जास्त वाईट. आणि हो, तिकडेही सगळं गोडीगुलाबीत चालत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात ग्राइफ्सवाल्ड गावातले सगळे ११ दगड एका रात्रीत कोणीतरी उपटून नेले. २०२४ मध्ये त्साइट्सला सगळे १० नेले. लोकांनी वर्गणी काढली आणि पुन्हा बसवले. पितळ चोरता येतं, गावाने ठरवलं असेल तर नाव चोरता येत नाही.

चार. हा आक्षेप कोणी तोंडावर घेत नाही, पण खरा हाच आहे. "इंग्रजांनी मारलेल्यांचं ठीक आहे. पण मग आपल्यांनीच मारलेल्यांचं काय?"

हो. त्यांचंही.

परक्याने मारलेल्याचं स्मारक बांधणं सोपं असतं. त्यात कोणाला मान खाली घालावी लागत नाही. जर्मनीतल्या त्या दगडांची खरी किंमत हीच आहे, ते स्वतःच्याच सरकारने, स्वतःच्याच पोलिसांनी, स्वतःच्याच शेजाऱ्यांनी नेलेल्या माणसांचे आहेत. म्हणून वाचताना मान आपोआप खाली जाते, कारण दगड जमिनीत असतो आणि लाजही असते.

आपल्या डोंगराला १९ नोव्हेंबर १९९३ आठवतो का? तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. सरदार सरोवरात बुडणाऱ्या गावांच्या सर्वेक्षणाला लोकांनी विरोध केला. अक्राणीत चिंचखेडीला पोलिसांनी गोळी चालवली आणि रेहमल पुन्या वसावे हा पोरगा गेला. वय पंधरा. माणिक चौकातल्या शिरीषकुमारच्याच वयाचा. दोघांच्या छातीसमोर पोलीसच होते. एकाच्या वेळी राज्य इंग्रजांचं होतं, दुसऱ्याच्या वेळी आपलं. एकाच्या नावाने चौक आहे. दुसऱ्याचं नाव आंदोलनातली माणसं घेतात, बाकी जिल्हा घेत नाही. धरण बरोबर की चूक यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. कोणाला पाणी मिळालं, कोणाचं गाव बुडालं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या पाण्याखाली आली. पण पंधरा वर्षांचं पोरगं गोळीने मेलं, यावर दोन मतं कशी असतील? त्याच्या नावाचा दगड बसवायला कोणत्या पक्षाची परवानगी लागते?

जो माणूस म्हणेल की रावलापाणीचा दगड चालेल पण रेहमलचा नको, त्याला शहीद नको आहेत, त्याला फक्त जुना शत्रू हवा आहे. कारण जुना शत्रू समोर येऊन प्रश्न विचारत नाही.

आता काय करायचं ते सांगतो, नुसती टीका करून जायचं नाही मला.

पहिलं. आपला भाग पाचव्या अनुसूचीत आहे, १९९६ पासून पेसा कायदा आहे, ग्रामसभा आपली आहे. ज्या ज्या गावातून माणूस गेला त्या गावाने ग्रामसभेत ठराव घ्यावा, आमच्या गावचा अमुक अमुक २ मार्च १९४३ ला मारला गेला. ठरावाच्या वहीत नाव चढलं की ते कागदावर आलं. ही पहिली पायरी, आणि तिला एक रुपया लागत नाही.

दुसरं. माहिती गोळा करायचं काम कॉलेजच्या आणि आश्रमशाळेतल्या मोठ्या पोरा-पोरींना द्या. मोबाइल सगळ्यांकडे आहे. म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच बोलीत बोलू द्या आणि रेकॉर्ड करा. मराठीत बोला म्हणून त्याला घाबरवू नका. तो मराठीत बोलायला गेला की निम्मी गोष्ट आटते.

तिसरं. दगड साधा असावा. डोंगरात दगडाची कमी नाही, पाथरवट आपल्या बाजारात येतात. मजकूर पाच ओळी. इथे राहत होता. नाव, बापाचं नाव. वय. तारीख आणि कसा मेला. मराठीत एकदा आणि खाली घरच्या बोलीत एकदा, पावरी असो, नोयरी असो, वसावी असो. त्याची आई त्याला ज्या भाषेत हाक मारायची ती भाषा त्याच्या दगडावर नको का?

चौथं, आणि यावर मी हटून बसणार आहे. त्या दगडावर दुसरं एकही नाव नाही. शुभहस्ते नाही, सौजन्य नाही, निमंत्रक नाही. आमदार आले तर आनंदाने या म्हणू, मांडीला मांडी लावून बसवू, दाळ-भात-भाकर वाढू. पण दगडावर नाव फक्त मेलेल्याचं. ज्याला दगडावर नाव पाहिजे त्याने आधी तेवढं द्यावं जेवढं त्याने दिलं.

पाचवं. पैसा वर्गणीतून. कोणाकडून पाच लाख घेऊन त्याचा फ्लेक्स लावण्यापेक्षा पाचशे घरांकडून वीस-वीस रुपये घ्या. वीस रुपये दिलेला माणूस तो दगड राखतो. पाच लाख दिलेला पाच वर्षांनी मत मागायला येतो.

काही जण म्हणतील, आमच्याकडे कुपोषण आहे, दवाखान्यात डॉक्टर नाही, देवगोई घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, आणि तुम्ही दगडाचं काय घेऊन बसलात? दादा, मी त्याच घाटातून जातो-येतो. पण मला वाटतं या दोन्ही गोष्टी एकच आहेत. कुपोषणाने मेलेलं लेकरू सुद्धा अहवालात आकडाच असतं. या महिन्यात इतकी, मागच्या महिन्यात इतकी. आकडा कमी झाला की साहेब खूष. ज्या जिल्ह्याला पंधरा मेलेल्यांची नावं विचारावीशी वाटत नाहीत, त्या जिल्ह्याला मरणाऱ्या लेकरांची नावं कोण विचारणार? माणसाला नावाने मोजायची सवय लागली, की जिवंत माणसालाही नावाने मोजावं लागतं. साहेबांना भीती त्याचीच आहे.

कोलोनच्या त्या म्हातारीचं वाक्य पुन्हा आठवा. आमच्या मोहल्ल्यात ते कधी राहतच नव्हते. पन्नास वर्षं पुरली तिला एवढं विसरायला. आपल्याला ऐंशीच्या वर झालीत. उद्या आपल्याच गावात कोणी म्हणेल, छे, आमच्या गावचं कोणी रावलापाणीला गेलंच नव्हतं. आणि त्याला खोटं पाडायला आपल्याकडे एक दगडसुद्धा नसेल.

शेवटची विनंती. या पोस्टखाली 'जय आदिवासी', 'एकच नंबर भाऊ', हात जोडलेली चिन्हं टाकू नका. आज घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, आपल्या गावातून कोण गेलं होतं. कळलं तर कमेंटमध्ये लिहा. मरणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव.

आकडा लिहू नका. तो आम्हाला पाठ आहे.